दाजींनी बसवलेले दिवे

आज तुमच्याजवळ जे बोलणार आहे ते माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेलं नाही. शालनला — म्हणजे माझ्या बायकोला — नाही सांगितलं, पोरीला नाही, तीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या दोस्तांनाही नाही. अकरा वर्षं झाली. तसा मी पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे. भाजीत मीठ कमी पडलं तरी चार घरांना ऐकू जाईल असा बोलतो. पण या एका गोष्टीवर असा गप्प बसलो — असा गप्प बसलो की काय सांगू!

सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. माझ्यापासून करतो, कारण खोड तिथेच आहे.

मी रेल्वेत वायरमन होतो. डब्यातले दिवे-पंखे चालू ठेवायचे, हे काम. राहायला लोणावळ्यात, ड्युटी पुण्याच्या यार्डात, गेल्या वर्षी रिटायर झालो. आजा कार्ल्याला दुसऱ्याच्या खाचरात राबला, बाप रेल्वेत गँगमन झाला, आणि मी हातात टेस्टर घेतला. आमच्या घरात त्या टेस्टरचं केवढं कौतुक! आळीत कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या पंख्याचा कंडेन्सर गेला, की मला हाक. आणि मी तरी काय कमी? समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘आधी अर्थिंग बघा’ म्हणून मोकळा. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द मी कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

सासुरवाडी वडिवळ्याची. आता जावयाचा मान सगळीकडेच असतो म्हणा, पण वडिवळ्यानं मला जो दिला तो — खरं सांगतो, माझ्या लायकीच्या बाहेरचा होता. गावची लेक दिली म्हणजे अख्खं गाव मेव्हणं. पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांचा मी ‘दाजी’. पावसाळ्यात गेलो की सासूबाई चिंबोऱ्यांचं कालवण करायच्या आणि मोठ्या नांग्या आधी माझ्या ताटात. नव्या इंद्रायणीचा पहिला भात माझ्यासाठी राखून ठेवलेला. आणि एक रीत — जावई अंगणात बसून काही बोलला की त्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. हसतील, विषय बदलतील, पण ‘दाजी, तुमचं चुकलं’ असं कुणी म्हणणार नाही. त्या माणसांच्या मायेला सीमा नव्हती. मला मात्र तिची सवय लागली.

या गोष्टीत दोन माणसं आहेत. एक सुदामभाऊ, शालनचा थोरला भाऊ. धरणाखाली चार खाचरं, आणि एक जुनी पांढरी छोटी गाडी. कुणा म्हातारीला कामशेतच्या दवाखान्यात न्यायचं, कुणाला बाजाराला सोडायचं, असं त्या गाडीवर त्याचं अर्धं घर चालायचं. दुसरा बाळू. सुदामभाऊच्या घरापासून तिसरं घर त्याचं. कामशेतला त्याची गाड्यांच्या वायरिंगची टपरी होती. आसपासच्या गावांतला ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, सेल्फ लागत नाही की चला बाळूकडे. दोघं लंगोटीयार. लावणीला आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. एकाच्या घरी चुलीवर काही चांगलं शिजलं की दुसऱ्याला हाक जायची.

तर सुदामभाऊला गाडीला पुढे दोन दिवे लावून घ्यायचे होते. पिवळ्या उजेडाचे, धुक्यात चालणारे. आमच्याकडचं धुकं तुम्ही बघितलं असेल तर वेगळं सांगायला नको. आषाढ-श्रावणात भर दुपारी असं उतरतं की आपल्याच गाडीचं नाक दिसत नाही. काम अर्थातच बाळू करणार होता. त्याच आठवड्यात त्यानं गाडीला नवा हॉर्न बसवला होता. अंगणात चहा चालला होता, बाळूही बसलेला, आणि कुणी न विचारता मी तोंड घातलं. दोन बल्ब लावायला टपरी कशाला? मी मेलोय का?

बाळूला राग आला नाही. तो कपातल्या चहाकडे बघत एवढंच म्हणाला, “लावा की दाजी, तुमीच लावा. फकस्त वायर जाड घ्या. आन मधी रिले टाका, फ्यूज टाका. बारा व्होल्टला करंट लय खेचतोय.”

आणि मी काय म्हणालो असेन? “बाळू, मी अख्ख्या रेल्वेला उजेड देतो रे!” सगळे हसले. बाळूही हसला. जावई बोलला ना!

आता माझी चूक सांगतो. ती नीट समजून घ्या, कारण ती अडाण्याची चूक नव्हती. ती माझ्यासारख्या शहाण्याचीच चूक होती. रेल्वेच्या डब्यात एकशे दहा व्होल्ट असतात. माझे हात त्यावर तयार झालेले. दोन दिवे, पंचावन्न-पंचावन्न वॅटचे, म्हणजे एकशे दहा वॅट. माझ्या डब्यात एवढ्याला एक अँपिअर करंट लागतो, बारीक वायर आरामात पेलते. पण गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. दाब कमी, म्हणजे तेवढ्याच उजेडाला करंट नऊपट. नऊपट! हे गणित मी नव्या पोरांना शिकवायचो हो. पण दिवे लावले त्या रविवारी माझ्या बोटांनी सवयीनं हिशेब केला आणि डोक्यानं मध्ये पडायची तसदी घेतली नाही. घरात दाराच्या बेलसाठी आणलेली वायर उरली होती. तीच घेतली. बटणावरचा भार आपल्या अंगावर घेणारा रिले नाही. फ्यूज नाही. कशाला पाहिजे? दोन तर दिवे!

बंपरला पट्ट्या ठोकल्या, दिवे आवळले, स्टिअरिंगखाली बटण बसवलं. इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये जो पत्रा असतो त्याच्या भोकातून वायर आत घेतली, आणि सुबक दिसावी म्हणून बाळूच्या हॉर्नच्या वायरीला चिकटवून वरून टेप गुंडाळली. सुबक! उन्हात अर्धा मिनिट दिवे लावून दाखवले. उजेड जरा मंद वाटला मला. वाटला, खोटं कशाला बोलू? पण मी बल्बच्या कंपनीला शिव्या दिल्या आणि बटण बंद केलं. सासूबाईंनी दिव्यांना हळदीची बोटं लावली.

पुढे तीन आठवड्यांनी सासूबाईंचे डोळे दाखवायला लोणावळ्याला निघालो. सुदामभाऊ चालवतोय, मी त्याच्या शेजारी, मागे शालन आणि सासूबाई. कार्ल्यापर्यंत बरं होतं. वाकसई मागे टाकली आणि धुकं उतरलं. दुपारचे दोन वाजलेले, पण समोरच्या ट्रकची पाठ दिसेना. मी ऐटीत म्हणालो, लाव आपले दिवे. लावले. आणि लावूनच ठेव म्हणालो. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही गोगलगायीसारखे सरकत होतो.

आधी वास आला. तो वास मला नाही कळणार? तीस वर्षं त्याच वासावर नोकरी केली. कळला — आणि तरी मी काच खाली करून म्हणालो, पुढच्या ट्रकचे ब्रेक जळतायत. मग सुदामभाऊच्या पायाशी धूर. मग सगळ्या गाडीत धूर. त्यानं गाडी कडेला घेतली, “दाजी, आईला काडा!” असा ओरडला, आणि स्वतः मात्र उतरला नाही. खाली वाकला, स्टिअरिंगखाली हात घातला आणि जळती वायर मुठीत धरून उपटली. उघड्या हातानं. एकदा तुटली नाही, दुसऱ्यांदा ओढली. मी तोवर शालनला आणि सासूबाईंना उतरवून रस्त्याच्या कडेला उभा होतो.

गाडीचा पुढचा भाग आतून काळा झाला, पण गाडीनं पेट घेतला नाही. आम्ही चौघं जिवंत राहिलो ते त्या एका मुठीमुळे. सुदामभाऊच्या तळहाताला वितळलेलं प्लॅस्टिक चिकटलं होतं. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट आजही सरळ होत नाही. मी हे लिहू शकतोय, शालन आत कूकर लावतेय, सासूबाई पुढे सात वर्षं नातवंडांत राहून गेल्या. या सगळ्यासाठी मी रोज त्या माणसाचे मनातल्या मनात पाय धरतो. मनातल्या मनात! बाहेर काय केलं, ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी वडिवळ्याला आणली. अंगणात गाव जमलं. सुदामभाऊ पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ओट्यावर. कुणीतरी विचारलं, झालं तरी कसं? प्रश्न कुणा एकाला नव्हता. पण सगळ्यांनी बघितलं माझ्याकडे, कारण विजेतलं कळणारा मीच ना! आणि त्या एका क्षणात — किती वेळ लागतो हो माणसाला घसरायला? — मी म्हणालो, हॉर्नच्या वायरीनं झालं. नवीन हॉर्न बसवला ना, त्याची वायर कच्ची होती. माझी वायर शेजारून जात होती, म्हणून तीही जळली.

असं. एकही शब्द अडखळला नाही. आधी ठरवलेलं नव्हतं, शपथेवर सांगतो — पण आधी ठरवलं नव्हतं म्हणून ते कमी खोटं होत नाही.

बाळूला बोलावणं गेलं. तो पिशवी घेऊन आला, गाडीत शिरला, आडवा होऊन स्टिअरिंगखाली डोकं घातलं. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वायरीचा बोटभर तुकडा होता. अंगठ्यानं त्यावरची काजळी पुसली. बेलची वायर. चपटी, दोन तारांची, सुतळीएवढी बारीक. ज्याचं रोजचं काम हेच, त्याला ओळखायला काय लागतं? त्यानं माझ्याकडे बघितलं. मग शालनकडे बघितलं. ती माझ्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती, रात्रभर रडून डोळे सुजलेले, आणि तिच्या नवऱ्याचा शब्द सगळं गाव ऐकत होतं. बाळूनं तो तुकडा खिशात टाकला.

“व्हय,” तो म्हणाला. “हॉर्नचीच आसंल. दाजी म्हणत्यात त्ये बरोबर हाय.”

अहो, एवढंच बोलायचं होतं मला त्यावर — ‘नाही रे बाळू.’ तीन शब्द. सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. मी ट्रेमधला कप उचलला आणि चहा प्यालो.

त्यानं ते का केलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. गावच्या लेकीला तिच्या माहेरच्या अंगणात मान खाली घालावी लागू नये म्हणून. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्यानं आपलं नाव दिलं. आणि त्याला वाटलं असणार, दाजी माणूस आहे, आज ना उद्या स्वतःच बोलेल. त्याचा तेवढा विश्वास होता माझ्यावर. त्याचं हेच एक चुकलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण लवकरच घडलं. ‘बाळूकडं नको रं बाबा, पेटवंल गाडी’ — हे पहिल्यांदा थट्टेत. मग थट्टा राहिली नाही. वडिवळ्याचे ट्रॅक्टर कामशेतला दुसरीकडे जायला लागले, मग आसपासच्या गावांचे. वर्षभरात टपरी बंद. बाळू तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला लागला. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून डायनॅमोचं दुखणं कळायचं, तो खोक्यांना पट्ट्या मारायला लागला. आणि सुदामभाऊ? त्यानं त्याच्याशी भांडण नाही केलं, फक्त बोलणं टाकलं. तिसरं घर! एकाच्या अंगणात शिंकलं तर दुसऱ्याला ऐकू येतं. लावणीला आता दोघांचीही माणसं वेगळी. मी दर पावसाळ्यात जातो, चिंबोऱ्या खातो, सुदामभाऊ वाकड्या बोटांनी मला वाढतो आणि बाळूच्या घराकडे पाठ करून बसतो. अकरा पावसाळे मी ते बघत जेवलो. घास अडकला का घशात? नाही हो. अडकला असता तर बरं झालं असतं.

आणि बाळू? वाटेत भेटला की गाडी थांबवतो. “दाजी, बरं हाय न्हवं? ताई बरी हाय?” डोळ्यांत किंतु नाही. आधी आधी मला वाटायचं, हा मला टोचतोय. चिडायचो मनातून त्याच्यावर. बघा माझी तऱ्हा! ज्यानं झाकलं त्याच्यावरच चिडायचो. नंतर, फार उशिरा, कळलं की तो खरंच ख्यालीखुशाली विचारतोय.

आता आज हे का बोलतोय?

माझी पोर प्रज्ञा आंदर मावळात शाळेवर शिक्षिका आहे. एसटीचा काही भरवसा नाही, म्हणून यंदा तिनं छोटी गाडी घेतली. तिकडच्या रस्त्यांना धुकं, म्हणून पुढे दिवे पाहिजेत. मला म्हणाली, पप्पा, तुम्ही लावून द्या. मी डोळ्यांचं कारण सांगितलं. तिनं बाळूच्या सुट्टीच्या दिवशी परस्पर वडिवळ्याला जाऊन त्याच्याकडून लावून घेतले. घरी आली तेव्हा शालननं डोक्याला हात लावला. बाळूकडून? अगं, मामाचा हात बघितलायस ना? प्रज्ञा म्हणाली, मम्मी, त्यांनीच सांगितलंय पप्पांना दाखवायला. काय सांगितलं होतं त्यानं? “तुज्या पप्पास्नी एकडाव दाखव. त्येंची नजर फिरली म्हंजी मला घोर न्हाई.”

मी बॉनेट उघडलं. जाड वायर. बॅटरीजवळ फ्यूज. रिले पत्र्याला घट्ट कसलेला. वायर जिथून आत जाते तिथे पत्र्यानं कापू नये म्हणून रबर. एकेक गाठ अशी मारलेली की माझ्या यार्डात मी ती पोरांना बोलावून दाखवली असती. माझ्या लेकीच्या जिवासाठी केलेलं काम होतं ते, आणि करणारा तो होता ज्याचं काम मी संपवलं. माझे डोळे भरून आले, म्हणून वर न बघता मी वाकलेलाच राहिलो. शालनला वाटलं मी काहीतरी चूक शोधतोय. ती दारातून म्हणाली, “नीट बघा हो. त्याचा काय नेम? त्यानं आमच्या दादाचा हात घालवला.”

मी म्हणालो, चांगलं केलंय. एवढंच म्हणालो. तेव्हासुद्धा एवढंच!

म्हणून बसून लिहितोय. तुम्हाला आधी सांगतोय, कारण तुमच्यासमोर मी कुणाचा दाजी नाही. उद्या हाच कागद शालनला वाचून दाखवणार, रविवारी वडिवळ्याच्या अंगणात. ती काय म्हणेल, सुदामभाऊ कपाळाला हात लावेल की मला अंगणातून बाहेर काढेल — त्यांना जे वाटेल ते त्यांनी करावं. वायर माझी होती. बाळूनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग खोटं बोललो, आणि अकरा वर्षं त्या खोट्यावर जावयाचा पाहुणचार घेत राहिलो. घाबरलो होतो वगैरे म्हणता येईल. म्हणणार नाही.

मिळालं मात्र मला भरभरून. एकानं हात भाजून माझं घर वाचवलं, एकानं नाव देऊन माझी लाज राखली, एका म्हातारीनं मरेपर्यंत मला पोटच्या पोरासारखं वाढलं. माझ्याइतकं नशीब किती जणांचं असतं? हे ऋण आहे, आणि मला ते आवडतं. त्या माणसांची आठवण आली की माझं मन भरून येतं, अजूनही, आत्ताही.

बाळूची माफी मात्र मी मागणार नाही. मागितली तर हातातला कप खाली ठेवायच्या आत तो देऊन टाकेल, ‘आवं दाजी, आसं काय करताय’ म्हणत. असं फुकटात मी त्याच्याकडून एकदा घेतलंय, पुन्हा नाही.